गोड्या पाण्याचा बर्फ

मे महिन्यात जळगावहून कोकणात जाते म्हटल्यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकसुरात "वा, थंडगार!" म्हटलं. मीही तशीच समजूत करून घेतली होती. आमच्याकडे पंचेचाळीसला पारा टेकला की मला आमवाताचा झटका ठरलेला. आमवात म्हणजे आपल्याच शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर चाल करून येते, असं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आमच्या घरातल्या भावकीचं वर्णन चाललंय. त्याला आता नऊ वर्षं झाली. उकाड्यात झोप होत नाही, झोप झाली नाही की सकाळी बोटं वळत नाहीत, आणि मी शिक्षिका. गेल्या वर्षी शाळा उघडली तेव्हा दोन महिने मला खडू धरता आला नव्हता. सहावीतल्या मुली फळ्यावर लिहायच्या आणि मी खुर्चीत बसून शुद्धलेखन सांगायची. मुख्याध्यापकांनी फार गोड आवाजात स्वेच्छानिवृत्तीचा विषय काढला होता. यंदाचा जून तसा जाऊ द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

सोबतीला माझी थोरली नणंद, सुषमाताई. आणि तिसरा प्रवासी म्हणजे माझं इंजेक्शन. पेनसारखं दिसणारं, दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पंधरा दिवसांनी एक घ्यायचं. निघण्याआधीच घ्यायचं होतं, पण घसा धरला होता. डॉक्टर म्हणाले, आधी अँटिबायोटिकचा कोर्स संपवा, वर दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे शनिवारी संध्याकाळी घ्या, त्याआधी अजिबात नको. त्यामुळे ते निळ्या पाऊचमध्ये, जेलच्या थंड पिशव्यांच्या मध्ये, तापमान दाखवणाऱ्या छोट्या यंत्रासकट आमच्याबरोबर निघालं. ते खराब झालं असतं तर दुसरं हातात पडायला महिना गेला असता, आणि तोवर शाळा उघडली असती.

सुषमाताईंनी गाडी सुटायच्या आतच त्याचं नाव "बाळ" ठेवलं.

माणगाव

माणगावला एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन आमच्यापेक्षा कितीतरी सौम्य, आणि तरी दोन मिनिटांत पाठीवरून ओघळ सुरू झाले. आमच्याकडे घाम येतो हे कळतच नाही, येण्याआधी वाळतो. इथे तो येतो आणि मुक्कामाला राहतो. हायवेच्या कडेच्या हॉटेलात मी मालकाला विचारलं, "कूलर नाही का हो?" तो हसला. "ताई, कूलर लावला तर भिंतीला शेवाळ धरंल. इथं हवेतच पानी हाय."

आमच्याकडे दारंखिडक्या बंद करून, वाळ्याच्या ताट्या भिजवून, पूर्ण अंधार करून दुपार काढतात. इथे सगळं उघडं. जेवढी भोकं तेवढी बरी, असा घर बांधणाऱ्यांचा हिशेब दिसतो. सुषमाताईंनी सवयीप्रमाणे ब्लाउजात पांढरा कांदा ठेवला होता, उन्ह लागू नये म्हणून. दिवेआगरच्या गाडीत गर्दी झाली आणि तो कांदा घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलून अतिशय आदराने परत केला.

"बाळाला बघ आधी," कांदा पुन्हा जागेवर ठेवत सुषमाताई म्हणाल्या. मी पाऊच उघडून पाहिला. सहा अंश. बाळ मजेत होतं.

दिवेआगर

आमचा मुक्काम निलिमाकाकूंच्या वाडीत होता. वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग, पार समुद्राच्या वाळूपर्यंत गेलेली. मी फोटोंत पाहिलेली गर्द सावली मात्र तिथे नव्हती. दोन हजार वीसच्या वादळात काकूंची निम्म्याहून जास्त झाडं एका दुपारीत आडवी झाली. नवी लावलेली रोपं आता कुठे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

"घर पुन्हा उभं राहिलं हो सहा महिन्यांत," काकू म्हणाल्या, "पण सावली काय बाजारातून आणता येते? तिला वीस वर्षं लागतात."

मग त्यांनी काय केलं, तर उरलेल्या झाडांच्या सावलीप्रमाणे आपला दिवस हलवला. सकाळी चहाची बाकं पश्चिमेकडे असतात, दहा वाजता ती उचलून विहिरीमागे जातात, तीन वाजता गोठ्याच्या पडवीत. पाहुणे जिथे बाकं असतील तिथे. मी पहिल्या दिवशी जुन्याच जागी बसून राहिले तर काकू येऊन म्हणाल्या, "उठा, सावली पुढे गेली." मला उन्हाच्या भीतीने घरात कोंडून घ्यायचं ठाऊक होतं. सावलीच्या मागेमागे असं शहाणपणाने सरकत राहायचं नव्हतं ठाऊक. नऊ वर्षांत कुठल्याच डॉक्टरने न सांगितलेली गोष्ट एका बाईने बाक उचलता उचलता शिकवली, आणि मी मनातून त्यांच्या पाया पडले.

बुधवारी पहाटे त्यांनी मला समुद्रावर नेलं. ओल्या वाळूवर अनवाणी अर्धा तास, सूर्य वर यायच्या आत परत. सकाळी माझे गुडघे उघडायला दीड तास लागतो, तो त्या दिवशी पाऊण तासावर आला. दुपारी केळीच्या पानावर फणसाची भाजी, कैरीचं सार, पोह्याचे पापड आणि उकडीचे मोदक. सुषमाताई मोदकाला तेल सुटलं नाही म्हणून थोड्या नाराज होत्या. खान्देशात ज्याला तर्री नाही ते अन्न नाही. पण चार खाल्ले.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास वारा एकदम पडला. पान हलेना. काकूंनी आभाळाकडे पाहिलं आणि वाळत घातलेली आमसुलं उचलायला धावल्या. दहा मिनिटांत समुद्राकडून काळं आलं. वळवाचा पाऊस मी पाहिलाय, पण हा आडवा होता. कुठेतरी माड कडाडला, तारा तुटल्या, आणि घरातले सगळे पंखे एक एक गिरकी घेऊन थांबले.

पाऊस अर्ध्या तासात गेला. लाईट गेली ती गेलीच.

"आता उद्या-परवा," काकू म्हणाल्या. बाळ त्यांच्या फ्रिजमध्ये होतं. मी सगळी गोष्ट त्यांना सांगितली, अगदी खडूपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं, मग फ्रिजच्या दाराला एक पंचा बांधून त्याची गाठ मारली.

"उघडायचा नाही ना? मग कोणीच उघडायचा नाही."

त्या फ्रिजमध्ये रात्रीच्या जेवणाचा आठ पाहुण्यांचा आमरस होता. मुंबईच्या एका कुटुंबाने आमरसासाठीच हे घर निवडलं होतं. काकूंनी वाढताना शांतपणे सांगितलं, "आज आमरस नाही. फ्रिजमध्ये एक आजारी माणूस झोपलाय." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खाली मान घालून वरणभात खाल्ला.

दिघी ते आगरदांडा

शुक्रवारी सकाळी सहाला गाठ सोडली. यंत्रावर दहा अंश, जेलच्या पिशव्या पार वितळलेल्या. आठच्या वर गेलं होतं, पण फार नाही. काकूंनी आमरसाचं गार पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाऊच याला टेकवून न्या, अजून थंड आहे. पातेलं कोणाबरोबर तरी परत पाठवा." अशा रीतीने आम्ही दिघीच्या जेट्टीवर उभ्या राहिलो. एकीकडे बाळ, एकीकडे आमरस. बोटीत गाड्या चढत होत्या, खाडीचं पाणी तेलासारखं संथ होतं आणि सात वाजताच कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

बोटीत रेंज आली तशी मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका. पण त्याहून मोठी चूक म्हणजे गोठणं. एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं. दोनच्या खाली नको." मी "हो हो" म्हटलं. मला वाटलं, मे महिन्यात गोठायची कसली भीती?

सुषमाताईंनी तोवर बोटीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला वाटीभर आमरस दिला होता. "वहिनी, तू फोन करू राहिली, मी पातेलं हलकं करू राहिले," त्या म्हणाल्या.

रेवदंडा

पुढची खोली आम्ही रेवदंड्याला हिराबाईंकडे घेतली होती. हिराबाई कोळीण, साठीच्या. नवरा नाही, मुलगा दुसऱ्यांच्या बोटीवर. घरावर वरच्या मजल्याला दोन खोल्या बांधून त्या भाड्याने देतात. साळावचा पूल ओलांडून आम्ही पोहोचलो तेव्हा कळलं, वादळाने इकडचेही खांब पाडलेत. मेडिकलवाल्याकडे गेले तर त्याचा स्वतःचा फ्रिज बंद, तोच चिंतेत. यंत्रावर सोळा.

मी पाऊच घेऊन तशीच बंदरावर गेले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चार दिवसांवर आली होती, त्यामुळे बोटी शेवटच्या फेऱ्या करून येत होत्या. एका बोटीवर खणातून उरलेला बर्फ फावड्याने बाहेर फेकत होते. मला सोन्याची खाण दिसावी तसं झालं. मी मागितला, त्यांनी टोपलंभर दिला. मी तो पाऊचमध्ये ठासून भरला, पेन मधोमध रोवलं आणि विजयी मुद्रेने परत आले. यंत्राचे आकडे भराभर उतरत होते. बारा. नऊ. सहा. चार.

"बघा," मी सुषमाताईंना म्हटलं, "डोकं लागतं."

हिराबाई अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील उलटत होत्या. डोक्याला ओलं फडकं. बाळाची सगळी कथा, गोठू द्यायचं नाही यासकट, सुषमाताईंनी त्यांना आल्या आल्याच सांगून टाकली होती. त्यांनी माझ्या पाऊचकडे पाहिलं.

"कंचा बर्फ त्यो?"

"बोटीवरचा. फुकट दिला."

त्या उठून आल्या, पाऊचमध्ये हात घातला, बर्फाचा एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. लगेच थुंकल्या.

"खारा! अगो बाय, ह्यो मासल्याचा बर्फ. याला दर्याचं पानी लागलंय. खारं पानी लागला का बर्फ खवलतो. काड बाहेर तुजा औषद, आत्ता काड!"

मी पेन ओढून काढलं. यंत्रावर अडीच होतं आणि आकडा अजून उतरत होता.

आता हे कोणाला सांगायचं? दर वर्षी मार्चमध्ये सहावीच्या मुलांना बर्फात मूठभर मीठ टाकून कुल्फी जमवून दाखवणारी मी. "बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्याही खाली जातो," हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. आणि तोच प्रयोग मी माझ्या एकुलत्या इंजेक्शनवर करत होते. हिराबाईंना यायला पाच मिनिटं उशीर झाला असता तर माझ्या औषधाची कुल्फीच झाली असती. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

"रडतेस कनाला? वाचलाय ना? थांब इकरं," हिराबाई म्हणाल्या आणि दुपट्टा खोचून निघाल्या.

बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे, जनरेटरवर चालणारा. तिथून त्यांनी नळाच्या पाण्याचा स्वच्छ बर्फ आणला, त्या त्याला "गोडा बर्फ" म्हणत. मग जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. थर्माकोलच्या पेटीच्या तळाला एक भोक पाडलं, वितळलेलं पाणी साचू नये म्हणून. खाली बर्फाचा थर, त्यावर कोरडं गोणपाट, त्यावर उलटी घातलेली बांबूची रोवळी. पेन कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि डबा रोवळीवर. बर्फाला कुठेही स्पर्श नाही.

"पापलेट असाच ठेवतात," त्या सांगत होत्या. "बर्फ अंगाला टेकला का पापलेट जलतो, पांढरा फटक परतो. त्याला बर्फाचा वारा लागाय पायजे, बर्फ न्हाय."

झाकण लावून थोड्या वेळाने त्यांनी आत हात घातला, डोळे मिटून जरा थांबल्या, मग थोडा बर्फ कमी केला. पुन्हा हात. "आता बग तुजा मशीन."

पाच अंश. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही.

डॉक्टरांना फोन केला. दोनच्या खाली गेलं नाही, पेनच्या खिडकीतून पाहिलं तर औषध स्वच्छ आहे, मग चालेल, असं त्यांनी सांगितलं. पण खरंच चालेल का, ते घेतल्यावर आठवड्याने कळणार होतं.

दुपारी हिराबाईंनी ओल्या बोंबलाचं आंबट कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. वर सुक्या जवळ्याची चटणी. सुषमाताईंनी तोंडात घास घातला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "हे खरं अन्न." जेवण झाल्यावर चहा आला आणि मी पहिल्यांदा हिराबाईंचे हात नीट पाहिले. त्या कप कानाला धरत नव्हत्या, दोन्ही तळव्यांत धरत होत्या. मीही तसाच धरते. बोटांची मधली पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजलेली.

"सकाळी मूठ कधी वळते तुमची?" मी विचारलं.

त्या चपापल्या. मग म्हणाल्या, "उन अंगनात येतंय तवर न्हाय वलत. बर्फानं झालाय ह्यो. चालीस वर्सं बर्फात हात. माजे सासूचेबी असेच व्हते. बर्फवालीची बोटं अशीच."

"कुणाला दाखवलं?"

"बर्फाला काय दाकवायचा?"

मी माझे हात त्यांच्या हातांशेजारी ठेवले. तीच पेरं, तशीच सूज. म्हटलं, "हिराबाई, मी जन्मात बर्फात हात घातला नाही. मी जळगावची, आमच्याकडे अंगणात पापड भाजून निघतो. मग माझे असे का झाले?"

त्यांनी माझं एक पेर दाबून पाहिलं, मग स्वतःचं. मी अलिबागला जाऊन रक्त तपासा म्हणून सांगितलं, तपासणीचं नाव नुकत्याच बोटीवरून आलेल्या त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये लिहून दिलं. "बगू," म्हणाल्या आणि बोंबील उलटायला गेल्या. मला कळलं, हे "बगू" म्हणजे नाही.

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच वेळा बर्फ बदलला. एकदाही मला सांगावं लागलं नाही. सहा वाजता पेन बाहेर काढून अर्धा तास साध्या हवेत ठेवलं. मग मी मांडीवर टेकवलं, पण गेले दोन दिवस ओझी वाहून माझा अंगठा संपावर गेला होता. टोपण सुषमाताईंनी काढून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांना सुई पाहवत नाही.

"दाबत न्हाय?" हिराबाई शेजारी बसल्या. त्यांचीही बोटं कामाची नव्हती. त्यांनी तळवा माझ्या मुठीवर ठेवला आणि, बर्फाची लादी दाबून बसवावी तसा, मनगटाचा जोर दिला. टिक् असा आवाज झाला. मी दहापर्यंत मोजलं, त्यांनीही मोजलं, मला वाटतं त्या सातवर एकदा अडखळल्या.

"झालं?" सुषमाताईंनी भिंतीला विचारलं.

जळगाव

इंजेक्शन खराब झालं नव्हतं. घरी परतल्यावर चौथ्या दिवशी मी एका हाताने चहाचा कप उचलला आणि तसाच धरून स्वयंपाकघरभर फिरले. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. आता आमच्या घरात माझी खुर्ची सकाळी ओट्याजवळ असते, दुपारी जिन्याखाली आणि चारनंतर मागच्या दारात. नवरा म्हणतो, घरात मांजर पाळल्यासारखं वाटतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख मी लिहिली. अक्षर थोडं वाकडं आलं, पण माझं होतं. आठवड्याभराने, मधल्या सुट्टीत फळा पुसत असताना फोन वाजला. हिराबाई होत्या. मुलाने नंबर लावून दिला होता.

"बाय, गेलते गो अलिबागला. रगत काडला. तुजाच रोग निंगाला."

वाईट वाटलं, आणि त्या गेल्या याचा आनंद इतका झाला की मला त्याची लाजच वाटली. विचारलं, "मग? औषध दिलं?"

"दिलान् ना. गोल्या हायेत. आठवड्याला एकदा घ्यायच्या. मी इचारला, किती बर्फ लागंल? तर डाक्टर बोलतो, याला बर्फ लागत न्हाय, कपाटात ठेवा."

"मग बरंच झालं की."

बंदी सुरू झालेली, त्यामुळे फोनमागे बंदराचा आवाज नव्हता.

"बरा कसला?" हिराबाई म्हणाल्या. "मी पेटी धुवून तयार ठेवलेली."